हालेइवाच्या ताईंना जाहीर पत्र

ताईंस सप्रेम नमस्कार, वि. वि.

"दोन फोन केले आणि एक कागद लिहिला, त्याचे आभार कसले?" असं म्हणून तुम्ही विषय मिटवलात, वर नाव कुठे लिहू नका असंही बजावलंत. नाव लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांत मानणार, कारण हवाईतल्या ओआहू बेटावर जाणारी आपली बरीच मंडळी वायकिकीच्या हॉटेलातून एका दुपारपुरती तुमच्या हालेइवाकडे, उत्तर किनाऱ्यावर येतात, कासव आणि कोळंबी उरकतात आणि अंधार पडायच्या आत माघारी फिरतात. तुम्ही नसतात तर आम्हीही तेच केलं असतं.

आमचं त्रांगडं तुम्हाला फोनवरच कळलं होतं. मी मालवणचा, मासे दिसले की जीभ सुटणारा. आई माळकरी, मांस-मच्छी-अंडं वर्ज्य, एकादशी कडक, त्यात गुडघे दुखरे. मित्राच्या वहिनीची तुम्ही मैत्रीण, म्हणजे नातं म्हणावं तर काहीच नाही. तरी तुम्ही आईशी अर्धा तास बोललात आणि मग तो कागद पाठवलात. त्यात प्रेक्षणीय स्थळांची यादी नव्हतीच. कुठे किती वाजता पोचायचं, काय मागवायचं, काय आधी विचारून घ्यायचं आणि कुठे पाण्यात पायसुद्धा घालायचा नाही, एवढंच होतं. असा कागद तिथे राहणारंच माणूस लिहू शकतं.

गाडी भाड्याने न घेता होनोलुलूतल्या 'आला मोआना' थांब्यावरून ५२ नंबरची बस धरा, हा पहिला सल्ला. मोठ्या बॅगा बसमध्ये घेत नाहीत, मांडीवर मावेल तेवढंच सामान ठेवा, हेही तुम्हीच सांगितलं होतं, नाहीतर आईची ती अवाढव्य पिशवी घेऊन आम्ही थांब्यावरच राहिलो असतो. वाहिआवाच्या पुढे लाल माती आणि शेतं लागली आणि उतारावरून एकदम समुद्र दिसला. लानिआकेआच्या किनाऱ्यापाशी कासवं बघायला लोक गाड्या थांबवतात आणि सगळा रस्ता तुंबतो. त्या कोंडीत आपण चालवत नाही याचं सुख मोठं होतं. कासवापासून किमान दहा फूट लांब राहायचं, ही तुमची ताकीद आईने इतकी मनावर घेतली की पुढे सरकणाऱ्या एका पर्यटकाला तिने चक्क मराठीत दटावलं. तो मागे झाला.

मात्सुमोतोंच्या दुकानाबाहेर रांग असणारच, पण रांगेला भिऊ नका, असं तुम्ही लिहिलं होतं. १९५१ साली किराणा दुकान म्हणून सुरू झालेली ही जागा आता शेव्ह आइससाठी, म्हणजे तिकडच्या बर्फाच्या गोळ्यासाठी, ओळखली जाते. आपल्या गोळ्याचा बर्फ दाताखाली कचकचतो. इथे लादी पात्यावर तासून काढतात, त्यामुळे बर्फ कापसासारखा पडतो आणि सरबत खाली न ओघळता त्यातच मुरतं. उसाच्या मळ्यांवर कामाला आलेल्या जपानी मजुरांनी ही रीत सोबत आणली. तळाला गोड शिजवलेले लाल अझुकी दाणे घालून मागा, असा तुमचा आग्रह होता. "गोळ्यात उसळ?" म्हणून आईने नाक मुरडलं, आणि मग माझ्या पेल्यातलेही दाणे तिनेच संपवले. इंद्रधनुषी रंगांचा मोह मात्र टाळावा. फोटो छान येतो, चव साखरेपलीकडे जात नाही. लिलिकोई, म्हणजे पॅशन फ्रूटचं, घ्यावं.

कोळंबीबद्दल थोडक्यात. जिओव्हानीच्या त्या सह्यांनी भरलेल्या पांढऱ्या ट्रकवर मी जेवलो. लोणी आणि लसूण इतकं की मालवणी माणसानेही हात आखडता घ्यावा, पण खाली तो रस प्यायलेला भात फार चांगला. माझं खरं जेवण मात्र पुपुकेआच्या फूडलँडमध्ये झालं. वाणसामानाच्या दुकानात, थंड काउंटरवरून, वजनावर घेतलेलं पोके! कच्च्या ट्यूनाचे चौकोनी तुकडे, सोया सॉस, तिळाचं तेल, समुद्रशेवाळ. रस्ता ओलांडला की शार्क्स कोव्ह ही छोटी खडकाळ खाडी. उन्हाळ्यात तिथे लोक पाण्याखालचे चष्मे लावून मासे बघतात, आम्ही होतो ऐन जानेवारीत, आणि "हिवाळ्यात तिकडे फक्त बघा" हे वाक्य तुम्ही दोनदा अधोरेखित केलं होतं. खडकांवर आदळणारं पाणी पाहिल्यावर तिसऱ्यांदाही करायला हवं होतं असं वाटलं.

आता पोई. खरं तर हे पत्र तिच्यासाठीच लिहायला घेतलं.

आईला तिथलं स्थानिक असं काही खाता येईल ही आशा मी सोडली होती. लाउलाउ म्हणजे काय ते विचारलं, तर अळवाच्या पानांत बांधून वाफवलेलं डुकराचं मांस. ते ऐकून आईने पदर तोंडाला लावला. पण तुम्ही तिला सांगितलंत की त्या पानांचा कंद उकडून, पाणी लावत कुटून जी पोई करतात ती शुद्ध शाकाहारी, तिथल्या लोकांचं मूळ अन्न. आणि कलो म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपलंच अळू. ती वनस्पती पॉलिनेशियन खलाशांनी होड्यांतून हवाईत नेली. ताजीच पिशवी घ्या, दोन दिवसांनी आंबट होते, ती नवख्याला झेपत नाही, हेही तुम्हीच कळवलंत. राखाडी-जांभळा तो लगदा आईने बोटाने चाखला. मला तो बेचव लागला, खोटं कशाला बोलू? आईने मीठ लावून भातासारखा खाल्ला, आणि मग तिचं आणि तुमचं फोनवर जे सुरू झालं ते मी ऐकतच राहिलो. पानं तासन् तास का शिजवतात, तर घसा खाजू नये म्हणून. आमच्याकडे चिंच किंवा कोकम घालतात ती त्याचसाठी. कलो हा माणसाचा थोरला भाऊ, अशी तिथली श्रद्धा आहे हे तुम्ही सांगितलंत. आधी तो जन्मला, पुरला गेला, त्याच्यातून रोप उगवलं, आणि मागून माणूस आला. म्हणून पोईचं भांडं उघडं असताना घरात भांडण काढायचं नाही. आईने हा नियम आमच्या घरी लागू केला आहे, अळू असो वा नसो.

लिलिउओकलानी चर्चचं तर आम्हाला सुचलंच नसतं. तिथली ख्रिस्ती मंडळी १८३२ पासूनची, आणि हवाईची शेवटची राणी लिलिउओकलानी हिने १८९२ साली भेट दिलेलं घड्याळ तिथे आहे. त्याच्या तबकडीवर आकडे नाहीत, बाराच्या बारा जागी राणीच्या नावाची बारा रोमन अक्षरं. पुढच्याच वर्षी तिचं राज्य उलथवलं गेलं. मी त्या अक्षरांत अडकलो होतो. आई मात्र दुसऱ्याच गोष्टीवर खूश झाली, कारण ते घड्याळ वार, महिना, वर्ष आणि चंद्राच्या कलाही दाखवण्यासाठी घडवलेलं. म्हणजे तिथी कळते! एकादशी कधी हे विचारायला भारतात फोन करणाऱ्या बाईला याहून मोठं प्रेक्षणीय स्थळ कुठलं असणार?

वाइमिया खोऱ्यात धबधब्यापर्यंत ज्येष्ठांसाठी छोटी गाडी मिळते, हे तुम्ही कळवलं नसतं तर आईचे गुडघे फाटकापाशीच संपावर गेले असते. पण वाइमियाच्याच उपसागरापाशी तिने बसायचा हट्ट धरला. लाटा अंगावर येतील इतक्या जवळ नाही, तुम्ही सांगितल्याप्रमाणे वर, झाडाखाली, समुद्राकडे पाठ न करता. एडी आयकाऊ इथला जीवरक्षक. १९७८ मध्ये होकुलेआ होडी उलटली तेव्हा मदत आणायला सर्फिंगच्या फळीवर एकटा निघाला तो परतलाच नाही. त्याच्या नावाची सर्फिंगची स्पर्धा ठरावीक वर्षी होत नाही, लाटांची भिंत चाळीस फुटांच्या घरात गेली तरच होते. २०२३ मध्ये ती जिंकणारा ल्यूक शेपर्डसन त्या दिवशी ड्यूटीवरचा जीवरक्षक होता. मधल्या सुटीत लाटांवर जायचा आणि पुन्हा कामावर हजर व्हायचा. हे तुमच्याकडून ऐकल्यावर आई मनोऱ्यावर बसलेल्या त्या पोरांकडे ज्या नजरेने बघत होती, त्या नजरेने ती माझ्याकडे कधी बघितल्याचं आठवत नाही.

ताई, तुमच्या कागदाची प्रत पुढच्या हिवाळ्यात निघालेल्या एका कुटुंबाला द्यायची आहे. तुमची हरकत नसेल तरच देईन. त्यांच्यातही एक शाकाहारी आजोबा आहेत, तेव्हा फोन येईल अशी तयारी ठेवा.

आईचा निरोप: अंगणातली अळकुडी काढली आहे, पोई करून बघणार म्हणते. कंद किती वेळ उकडायचे म्हणजे घसा खाजणार नाही, आणि कुटायला पाटा-वरवंटा चालेल का, ते जरूर कळवा. ती थांबलेली आहे.

आपला नम्र,
मालवणचा भाऊ