उपग्रहाचे आकडे जमिनीवर पडताळावेत

महोदय,

उपग्रहाच्या रंगीत नकाशावरून गोव्याची हवा स्वच्छ ठरवण्याची घाई होऊ नये. २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरील ट्रोपोमी हे उपकरण वाहनांच्या धुरातही असणारा नायट्रोजन डायऑक्साइड हा प्रदूषक वायू मोजते. परंतु ते जमिनीपासून वरपर्यंतच्या संपूर्ण हवास्तंभातील एकूण प्रमाण असते, तर आपण श्वासावाटे घेतो ती हवा नाकाच्या उंचीवरची असते. शिवाय हा उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास माथ्यावरून जातो. त्या वेळी उन्हाने तापलेली हवा वर चढून प्रदूषक विरळ झालेले असतात. सकाळ-संध्याकाळची वाहनांची गर्दी त्याला दिसतच नाही. त्याच्या नकाशातील एक चौकट सुमारे साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरची असल्याने वास्कोतील वस्ती, मुरगाव बंदर आणि लगतचा समुद्र यांची सरासरी एकत्र होऊ शकते. पावसाळ्यातील ढगांमुळे तर कित्येक दिवस उपयुक्त नोंदच मिळत नाही.

वास्कोत सकाळी पुसलेल्या खिडकीच्या चौकटीवर संध्याकाळी बोट फिरवले, तरी काळी रेघ उमटते. खिडकीवर बसलेली ही जड धूळ वायू मोजणाऱ्या उपकरणाला कळणार नाही. तिच्यासाठी धूलिकणमापकच हवा.

म्हणून जमिनीवरील हवामापन केंद्रांच्या तासागणिक नोंदी खुल्या कराव्यात आणि उपग्रह माथ्यावर असतानाच्या नोंदींशी त्यांची तुलना व्हावी. निदान वास्कोत तरी सूर्यप्रकाशावरून हवास्तंभ मोजणारा वर्णपटमापक बसवावा, कारण स्तंभाची खरी पडताळणी स्तंभाशीच होऊ शकते.

आपला,
एक वाचक, वास्को