नेटची कटकट मिटली, मंडळी आभार!

आमच्या छोट्या ऑफिसातल्या उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) मशीनचं नेट अखेर सुरळीत झालं. ओळख ना पाळख, तरी माझा प्रश्न वाचून वेळ काढून मदत करणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार.

लक्षणं फसवी होती. पिंग (पलीकडचं मशीन उत्तर देतं का, ते बघायची चाचणी) चोख, साधी पानं पटापट उघडायची. मोठी अटॅचमेंट पाठवायला घेतली की चक्र फिरतच राहायचं. ऑफिसात जो तो वायरवर खापर फोडत होता. तुमच्यापैकी एका दादांनी मात्र पॅकेटचे (नेटवरून जाणाऱ्या डेटाच्या गठ्ठ्याचे) तुकडे करायला मनाई करून पिंगचा आकार वाढवत न्यायला सांगितलं. १४६४ बाइटला उत्तर आलं (वरचे हेडरचे २८ धरून १४९२), १४७२ ला शुकशुकाट! पीपीपीओई (ब्रॉडबँड जोडणीची एक पद्धत) ८ बाइट खातं, म्हणजे एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १५०० नाही, १४९२. आणि ‘पॅकेट मोठं आहे’ हा आयसीएमपीचा (नेटवरच्या अडचणी कळवणाऱ्या व्यवस्थेचा) निरोप गेटवेची (ऑफिसला बाहेरच्या नेटशी जोडणाऱ्या यंत्राची) फायरवॉलच गिळत होती. तो निरोप मोकळा सोडा आणि फायरवॉलच्या फॉरवर्ड साखळीत (पुढे पाठवायच्या पॅकेटच्या नियमांत) एमएसएस क्लॅम्पिंगचा (डेटाचे तुकडे आधीच लहान ठरवून देण्याचा) नियम घाला, हे दुसऱ्या एकांनी ओळ न ओळ लिहून दिलं. एवढं निगुतीनं पैसे घेऊनही कोणी सांगत नाही.

लॅपटॉपच्या वायफायचं पॉवर सेव्हिंग बंद करायला सुचवणाऱ्या ताई, तुमचेही आभार. तो त्रास वेगळाच होता, तोही गेला. कधी इकडे आलात तर चहा आमच्याकडे.