बेस गिटारचा हेड घेताना वॉट शेवटी पाहावेत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नागपुरातील तरुण मेटल, म्हणजे जड रॉक संगीताच्या, वाद्यवृंदांविषयी आलेला मजकूर मी आवडीने वाचला. या मुलांची दखल घेतल्याबद्दल आपले आभार. मात्र त्या मजकुरात बेस गिटार वाजवणाऱ्यांना ‘जड संगीतासाठी किमान हजार वॉटचा हेड घ्यावा’ असा सल्ला एका वाक्यात देऊन टाकला आहे, आणि माझे हे पत्र त्या एका वाक्यापुरतेच आहे. मी विद्युत अभियंता म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे. मेटल संगीतातले मला फारसे कळत नाही, परंतु माझी कन्या पाच तारांचा बेस वाजवते, आणि तिच्यामुळे या यंत्रांच्या पाठीमागच्या पाट्या वाचण्यात माझी निवृत्तीनंतरची बरीच दुपार गेली आहे.

ज्यांना ही परिभाषा नवी आहे त्यांच्यासाठी सांगतो की बेस म्हणजे खालच्या स्वरांची गिटार आणि हेड म्हणजे नुसते ॲम्प्लिफायर. त्यात स्पीकर नसतो. स्पीकरची पेटी, म्हणजे कॅबिनेट, वेगळी घ्यावी लागते. (पेटी म्हटले की आमच्या पिढीला हार्मोनियमच आठवते; ती येथे अभिप्रेत नाही.) हेड किती जोर लावणार हे त्याला जोडलेली पेटी ठरवते, आणि हीच गोष्ट विकत घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. आम्ही पहिला हेड घेतला तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे पाहून एवढेच सांगितले होते, “काकाजी, हजार वॉटचा आहे, सीताबर्डीपर्यंत ऐकू जाईल.” घरी आणून पाठीमागची पाटी वाचली तर हजार वॉट हे ४ ओमच्या भाराला (ओम हे विद्युत रोधाचे माप, भार म्हणजे जोडलेली पेटी) होते आणि आमच्याकडे ८ ओमची एकच पेटी होती. ट्रान्झिस्टरचा हेड ठरावीक व्होल्टेज देतो. भाराचा रोध दुप्पट झाला की शक्ती निम्मी होते. म्हणजे हजारांचे पैसे मोजून आम्ही साधारण पाचशे वॉट घरी आणले होते. त्यात दुकानदार खोटे बोलला असे म्हणता येत नाही, कारण पाटीवर जे होते तेच त्याने सांगितले. फक्त त्यातला अर्धा भाग सांगितला.

पुष्कळदा पाटीवरचा आकडाही सरळ नसतो. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’ या नावाखाली हजारो वॉट छापलेले असत आणि आतला स्पीकर मात्र बशीएवढा असे, हे अनेक वाचकांना आठवत असेल. बेसच्या हेडांत तितकी लूट नाही, तरीही क्षणभर मिळणारी शिखरशक्ती मोठ्या अक्षरांत आणि सतत मिळणारी शक्ती बारीक अक्षरांत छापण्याची खोड अजून गेलेली नाही. म्हणून कोणत्याही आकड्याविषयी दोन प्रश्न विचारावेत: किती ओमला, आणि सतत की क्षणभर?

आता समजा आकडा खरा आहे आणि भारही जुळलेला आहे. तरीही पाचशे वॉटवरून हजारावर गेल्याने आवाज दुप्पट होत नाही. शक्ती दुप्पट झाली की वाढ होते ३ डेसिबलची, आणि ती कानाला ‘थोडे वाढले’ इतकीच जाणवते. आवाज दुप्पट झाला असे वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट शक्ती, म्हणजे पाच हजार वॉट! तेच पाचशे वॉटच्या हेडला ८ ओमची तशीच दुसरी पेटी समांतर जोडली तर भार ४ ओमचा होतो, हेड दुप्पट शक्ती देऊ लागतो आणि हवा ढकलणारे पडदेही दुप्पट होतात. खालच्या स्वरांत या दोहोंची मिळून वाढ ६ डेसिबलच्या आसपास जाते. म्हणून एक हेड आधीच घरात असताना दुसरा मोठा हेड घेण्यापेक्षा दुसरी पेटी घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. तिसरी मात्र सहसा जोडू नये, कारण ८ ओमच्या तीन पेट्यांचा भार पावणेतीन ओमांच्याही खाली उतरतो आणि ४ ओमपर्यंतच चालणारा हेड तेथे स्वतःला बंद करून घेतो किंवा जळतो.

मेटलवाल्यांचे जे दैवत समजले जाते त्या अँपेग कंपनीच्या एसव्हीटी हेडचा इतिहासही हेच सांगतो. हा हेड १९६९ मध्ये आला आणि त्याच वर्षी रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाच्या अमेरिका दौऱ्यात वाजला. त्याची शक्ती ३०० वॉट होती, आजच्या जाहिरातींच्या मानाने काहीच नाही. पण त्याच्यासोबत १० इंची आठ-आठ स्पीकरांच्या दोन पेट्या जोडण्याची पद्धत होती. म्हणजे त्या गाजलेल्या गडगडाटात सोळा स्पीकरांचा वाटा होता. दुसरे उदाहरण मोटरहेड या वाद्यवृंदातले बेसवादक लेमी किल्मिस्टर यांचे. त्यांचा करकरीत बेस मार्शलच्या १०० वॉटच्या सुपर बेस हेडमधून येत असे, आणि तो जड नव्हता असे म्हणण्याची हिंमत माझ्या कन्येच्या वाद्यवृंदात तरी कोणाची नाही.

बेसला गिटारपेक्षा जास्त शक्ती लागते हे खरे आहे आणि त्याचे कारण आपल्या कानात आहे. खालच्या स्वरांना आपला कान मंद असतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच ते मोजून ठेवले आहे. चार तारांच्या बेसची सर्वात खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, पाच तारांच्या बेसची सुमारे ३१. परंतु येथे एक गंमत आहे. ३१ कंपनांचा तो मूळ स्वर बहुतेक पेट्यांतून पुरता बाहेर पडतच नाही. आपण ऐकतो ती त्याची दुप्पट-तिप्पट कंपनांची उपस्वरावली, आणि खालचा स्वर मेंदू स्वतः भरून घेतो. हे ठाऊक नसलेली मुले ‘बेस’ लिहिलेले बटण शेवटपर्यंत फिरवतात. १० डेसिबल वाढ मागितली की त्या पट्ट्यात दहापट शक्ती खर्च होते, स्पीकरचा पडदा नुसता आत-बाहेर धडपडतो आणि ऐकणाऱ्याच्या वाट्याला घुमणारा चिखल येतो. गिटारही नेहमीपेक्षा खालच्या स्वरांत लावलेल्या असतात तेव्हा बेस ऐकू यावा यासाठी मधल्या स्वरांचे बटण वाढवावे आणि ३० ते ४० कंपनांखालचे सरळ छाटून टाकावे. तशी छाटणी करणारा फिल्टर ज्या हेडमध्ये आहे तो दोनशे वॉट कमी असला तरी मी पसंत करीन.

व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) हेड घ्यावा की हलका क्लास-डी जातीचा (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करणारा), यावर मुलांमध्ये भांडणे होतात. व्हॉल्व्हचा हेड मर्यादेपलीकडे ढकलला की त्याचा आवाज हळूहळू, गोलसर फाटतो, म्हणून त्याचे २०० वॉट ट्रान्झिस्टरच्या २०० वॉटपेक्षा मोठे वाटतात. लंडनच्या ऑरेंज कंपनीचा एडी २०० बी हा असाच २०० वॉटचा हेड आहे, आणि संत्रानगरीतल्या पोरांना त्या नावाची भुरळ पडली तर त्यांना दोष देता येत नाही. पण व्हॉल्व्ह बदलावे लागतात, त्यांचा बायस, म्हणजे त्यांतून वाहणारा स्थिर प्रवाह, जुळवून देणारा माणूस गावात असावा लागतो, आणि जुन्या एसव्हीटीचे वजन चाळीसएक किलोच्या घरात जाते. शिवाय व्हॉल्व्हच्या हेडला पेटी जोडल्याशिवाय तो कधीही चालू करून वाजवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ट्रान्झिस्टरच्या हेडचे नेमके उलटे आहे: त्याला मोकळे टोक चालते, शॉर्ट चालत नाही. क्लास-डीचे हेड पिशवीत मावतात आणि घेतलेल्या विजेपैकी फार थोडी उष्णतेत घालवतात, म्हणून नागपूरसाठी माझे मत त्यांच्या बाजूने आहे. मात्र एक सावधगिरी हवी.

ती नागपूरच्या उन्हाची. आमच्या शहरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि विजेच्या अनेक उपकरणांची मापे सभोवताली ४० अंश धरून ठरवलेली असतात. गेल्या उन्हाळ्यात एका लॉनवर संध्याकाळचा कार्यक्रम होता. धूळ बसू नये आणि शेजारच्या मोठ्या कूलरचे तुषार उडू नयेत म्हणून कोणीतरी काळजीने आमच्या हेडवर सतरंजीची घडी टाकली. तिसऱ्या गाण्यात हेडने स्वतःला बंद करून घेतले. मुलांना वाटले वॉट कमी पडले. वास्तविक पंख्याची जाळी झाकली गेली होती. फाटक्या आवाजाच्या संगीतात आवाज सतत भरलेला असतो, साध्या गाण्यासारख्या त्यात विश्रांतीच्या जागा नसतात, त्यामुळे हेड अधिक तापतो, आणि जड संगीतासाठी हेड निवडताना पंखा कोठून हवा घेतो आणि कोठून सोडतो हे पाहणे वॉट पाहण्याइतकेच आवश्यक आहे.

परदेशातून नातेवाइकांकरवी हेड मागवणाऱ्यांसाठी एक इशारा. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असते, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावला की काम झाले असे समजले जाते, पण त्याने हर्ट्झ बदलत नाहीत. केवळ ६० हर्ट्झसाठी आखलेला जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर चालवला की त्यातला चुंबकीय प्रवाह (फ्लक्स) वीस टक्क्यांनी वाढतो आणि तो नेहमीपेक्षा जास्त तापतो. पाटीवर ‘५०/६०’ छापलेले आहे की नाही हे मागवण्यापूर्वीच विचारावे. सर्व व्होल्टेजवर चालणाऱ्या आधुनिक हेडना ही अडचण येत नाही.

आवाजाच्या कायद्याविषयीही मुलांना अपुरे सांगितले जाते. ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. हे डेसिबल ज्या ‘ए’ मापात मोजतात ते माप कानासारखेच खालच्या स्वरांना कमी लेखते, ३१.५ हर्ट्झला तर सुमारे ३९ डेसिबलने. म्हणून मोजणीयंत्र शांत असते आणि शेजाऱ्यांच्या कपाटातली भांडी वाजत असतात. आमच्या प्रतापनगरातल्या शेजाऱ्यांनी हे तीन वर्षे हसून सहन केले आहे, त्यांचे येथे जाहीर आभार मानतो. वाजवणाऱ्यांच्या कानांचा हिशेब त्याहून कडक आहे: ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित धरले तर १०० डेसिबलला पंधरा मिनिटेच उरतात. कानातले बोळे हेडपेक्षा स्वस्त आहेत.

मोठ्या सभागृहात बेसची वायर सरळ ध्वनिव्यवस्थेला जोडली जाते आणि मंचावरचा हेड केवळ वाजवणाऱ्यांना ऐकू यावे एवढ्यासाठी असतो. तेथे तीनशे खरे वॉट आणि एक चांगली पेटी पुरते. हेडची कसोटी लागते ती लॉनवर, जेथे भिंती नसल्याने खालचे स्वर उघड्यावर विरून जातात, आणि नेमकी तेथेच वीज सर्वात वाईट असते. एका लांबच लांब, बारीक वायरीवर चार कूलर, दिवे आणि वाद्ये एकत्र टाकलेली असतात; कूलर सुरू झाला की व्होल्टेज बसते, बेसचा ठोका पडला की आणखी बसते, आणि अर्थिंग नसेल तर घुंईऽऽ असा आवाज तर येतोच, शिवाय घामेजल्या बोटांना तारांतून झटकाही बसू शकतो. स्पीकरच्या पेटीला गिटारची बारीक वायर लावण्याचा प्रकारही मी तेथेच पाहिला. ती वायर हाताला गरम लागत होती.

म्हणून महाविद्यालयांचे स्नेहसंमेलन भरवणाऱ्यांना आणि लॉनच्या चालकांना आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे की, वाद्यवृंदाला निमंत्रण देतानाच मंचावर १६ अँपिअरचे, तपासलेल्या अर्थिंगचे आणि कूलरपासून वेगळ्या वायरीवरचे किती सॉकेट मिळतील, आणि वीज गेल्यास जनरेटर किती क्षमतेचा आहे, हे दोन ओळींत लिहून कळवावे. आमच्या घरी नवा हेड घेण्याचा बेत कन्येने स्वतःच रद्द केला असून त्या पैशांत ८ ओमची दुसरी पेटी सांगून ठेवली आहे. ती दिवाळीपूर्वी येईल. दुसऱ्या मजल्यावर कोणी चढवायची, याची चर्चा सध्या सुरू आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त विद्युत अभियंता,
प्रतापनगर, नागपूर