तेजूच्या फ्लाइंगबद्दल बाळ्यास पत्र

सातारा

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. तेजूचा कऱ्हाडला प्रवेश झाला हे वाचून बरं वाटलं. आमच्या वेळी सांगलीतल्या पोरीनं विमान शिकायला जायचं म्हटलं असतं, तर आधी गल्लीत बैठक बसली असती! पण पत्रभर तू एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारलायस. एवढे पैसे घातल्यावर पोरीच्या हातनं एखादी चूक झाली, तर नोकरी कायमची जाते का?

नाही जात. विमान जरा जोरात टेकलं, टॉवरचा निरोप चुकीचा परत म्हटला, सिम्युलेटरच्या, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटच्या, चेकमध्ये नापास झाली, यावर पुन्हा ट्रेनिंग होतं आणि माणूस परत कामाला लागतो. करिअर कोलमडतं ते बहुतेक वेळा फार किरकोळ दिसणाऱ्या गोष्टींवरून. म्हणून तिला कोणत्या चुकांना भ्यायचं आणि कोणत्या चुकांना नाही, एवढंच सांगतो.

पहिली गोष्ट ब्रेथ ॲनालायझरची, म्हणजे श्वासातली दारू मोजणाऱ्या यंत्राची. १९३७ च्या विमान नियमावलीतला २४ वा नियम सांगतो की उड्डाणाआधीच्या १२ तासांत दारू चालत नाही. पण १२ तास मोजून भागत नाही, कारण यंत्रावर आकडा शून्यच यावा लागतो. रात्री जास्त झालेली असली तर १२ तासांनंतरही आकडा येऊ शकतो. पहिल्यांदा सापडलं की परवाना ३ महिने निलंबित, दुसऱ्यांदा ३ वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. आता तू म्हणशील, आमची तेजू कुठं पिते? न पिणारेही यात अडकतात. खोकल्याची काही औषधं, अल्कोहोलमधले होमिओपॅथीचे थेंब, माउथवॉश, हे सगळं तोंडात अल्कोहोल सोडतं. नियमात २०२३ मध्ये माउथवॉश आणि टूथ जेलचा स्पष्ट उल्लेख आला, त्यामुळं 'मला माहीत नव्हतं' ही सबब आता चालत नाही. आकडा आला तर साधारण १५-२० मिनिटांनी दुसरी टेस्ट देता येते, मध्ये चूळ भरता येते. नुसतं तोंडातलं असेल तर तेवढ्या वेळात जातं, पोटात गेलेलं जात नाही. वहिनींना सांग, हॉस्टेलच्या पेटीत औषध घालताना बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. फ्लाइंगच्या दिवसांत कुठलंही औषध डीजीसीएच्या, म्हणजे विमानांच्या सरकारी खात्याच्या, मान्यताप्राप्त डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. सर्दीच्या गोळ्यांनी झोप येते, तो धोका वेगळाच.

आता त्या ३ महिन्यांचा हिशोब बघ. प्रवासी घेऊन उडायचं तर मागच्या ९० दिवसांत ३ टेक-ऑफ आणि ३ लँडिंग झालेली लागतात. तीन महिने घरी बसलं की ती अट मोडते. सहामाही प्रोफिशियन्सी चेक, म्हणजे कौशल्याची परीक्षा, मध्येच आला तर तोही चुकतो. पगारातला मोठा हिस्सा उडालेल्या तासांवर असतो, तो थांबतो. कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहतो. शिवाय पुढच्या प्रत्येक अर्जात एक रकाना असतोच: परवाना कधी निलंबित झाला होता का?

दुसरी गोष्ट लॉगबुकची, म्हणजे उडालेले तास लिहायच्या वहीची, आणि ही मी सगळ्यात वाईट धरतो. कमर्शियल परवान्याला एकूण २०० तास लागतात, त्यातले १०० स्वतः पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाचा प्रमुख, म्हणून. त्यात ३०० नॉटिकल मैलांची एक क्रॉस-कंट्री, म्हणजे लांबची फेरी, लागते, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उडण्याजोगी हवा मिळत नाही, पैसे संपत येतात, आणि कोणीतरी हळूच सुचवतं, ४८ मिनिटं झालीत, सव्वा तास लिही. पेनानं उडवलेले हे तास पकडायला फार डोकं लागत नाही. इंजिनाचा मीटर, टेक लॉग (विमानाची तांत्रिक वही), इंधन भरल्याची नोंद, ऑथरायझेशन बुक (उड्डाणाच्या परवानगीची वही) आणि टॉवरची नोंद शेजारी शेजारी ठेवली की पाचातलं एक खोटं बोलताना दिसतंच. सापडायला वर्षं लागतात, हे त्यातलं जास्त वाईट. जानेवारी २०११ मध्ये गोव्याला एका कॅप्टनचं विमान पुढच्या चाकावर उतरलं. जेट विमान आधी मागच्या चाकांवर टेकतं आणि नाक सावकाश खाली येतं, म्हणून रेकॉर्डरचा डेटा तपासला. हे एकदाच झालेलं नव्हतं. मग कागद काढले, तेव्हा एटीपीएल, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणाऱ्या परवान्याच्या, परीक्षेच्या गुणपत्रिका बनावट निघाल्या. त्यापाठोपाठ देशभर परवान्यांची तपासणी लागली आणि आणखी काही जण सापडले. लँडिंग सुधारता आलं असतं. गुणपत्रिकेनं थेट अटकच झाली.

आता रोजच्या कामातल्या चुका. इथं जरा थांबून वाच, कारण सवयी लागतात त्या शाळेत.

विमान उडवायच्या आधी त्याच्याभोवती फिरून तपासणी करायची असते. १७२ एस जातीचं सेस्ना असेल तर इंधनाचा नमुना १३ ठिकाणांहून काढावा लागतो, प्रत्येक पंखाखाली ५ आणि नाकाखाली ३. कंटाळवाणं काम आहे, म्हणून मुलं दोन-तीन ठिकाणी काढून मोकळी होतात. पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी राहिली की आतल्या हवेतली वाफ रात्री थंड होऊन पाण्याचे थेंब धरते, ते तळाशी बसतात. विमानाचं १००एलएल पेट्रोल निळसर असतं, कपात तळाशी बिनरंगी बुडबुडा दिसला की ते पाणी. फसगत होते ती कप पूर्ण पाण्यानं भरला तेव्हा, कारण मग दोन थर दिसतच नाहीत आणि नजरेला सगळं स्वच्छ वाटतं. म्हणून रंग बघायचा, वास घ्यायचा, आणि शंका आली तर परत काढायचा. हे पाणी बहुतेक वेळा नेमकं टेक-ऑफला, पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे इंजिन पूर्ण जोरात असताना, आत पोचतं.

पिटो ट्यूबचं तसंच. वेग दाखवणारी ती नळी आहे. लाल कव्हर काढायचं राहिलं की धावपट्टीवर वेगाचा काटा हलत नाही. कव्हर घालायचंच विसरलं तर कुंभारीण आत मातीचं घर करते, आपल्याकडं तर हमखास. फेब्रुवारी १९९६ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकमधून निघालेलं एक बोइंग ७५७ समुद्रात पडून १८९ माणसं गेली. बरेच दिवस उभ्या असलेल्या त्या विमानाची नळी अशाच किड्यानं बुजवली असावी, असा तपासाचा निष्कर्ष होता. धावताना वेगाचा काटा उठला का, हे मोठ्यानं म्हणायची सवय त्यासाठीच लावतात. नाही उठला तर तिथंच थांबायचं. त्या बोइंगच्या कॅप्टनला शंभर नॉटच्या (नॉट हे विमानाच्या वेगाचं माप) आत ते जमलं असतं.

लँडिंगचं सांगतो. १७२ ला शेवटी ६५ नॉटच्या आसपास वेग हवा. मुलं घाबरून ७५ नं येतात, विमान टेकायला तयार नसतं, तरंगत राहतं, मग दाबून टेकवतात आणि ते उसळतं. उसळलं की हात आपोआप पुढं जातो, नाक खाली, आणि पुढचं चाक आधी आपटतं. दुसऱ्या-तिसऱ्या उसळीला पुढच्या चाकाचा दांडा वाकतो, इंजिनामागच्या फायरवॉलचा पत्रा सुरकुततो, कधी प्रोपेलरची टोकं जमिनीला घासतात. पहिल्या उसळीलाच पूर्ण थ्रॉटल देऊन गो-अराउंड करायचा, म्हणजे न उतरता परत वर जायचं, एवढाच उपाय आहे. पण नाही केला, आपटलं, तर पुढं काय? प्रोपेलर घासला असेल तर इंजिन मस्त चालू असलं तरी उघडून तपासावं लागतं, कारण धक्का क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य दांड्याच्या, मागच्या टोकाच्या गिअरपर्यंत जातो. खर्च भरपूर, शाळा चिडते, इन्स्ट्रक्टर चार शब्द सुनावतो. इथंच मुलांच्या मनात येतं, कोणी बघितलं नाही, गप्प बसू. मग तेच विमान घेऊन दुसरं पोरगं एकटं वर जातं. तेजूनं आपटलं तर विमान लावून तडक जाऊन सांगायचं आणि टेक लॉगमध्ये लिहायचं. तिचं फार तर दोन-चार तासांचं जादा ट्रेनिंग होईल. लपवलेलं नंतर उघड झालं तर तिला पुढं कोणी विमान देणार नाही, आणि माझ्या मते देऊ पण नये.

मोठ्या विमानात गेल्यावर लपवायची सोयच नसते. भारतात कंपन्या जवळपास प्रत्येक उड्डाणाचा रेकॉर्डर वाचतात. किती जी नं, म्हणजे किती जोराच्या धक्क्यानं, टेकलं, १००० फुटांवर वेग आणि उतरण ठरल्याप्रमाणे होती का, पंखांमागचे फ्लॅप कोणत्या वेगाला काढले, सगळं दुसऱ्या दिवशी सेफ्टीवाल्यांच्या पडद्यावर असतं. आधी आपण होऊन रिपोर्ट टाकलेला असला तर फोनवरचा सूर वेगळा असतो.

चेकलिस्टचं मात्र अनुभवी माणसांचंही बिघडतं, ते मध्येच कोणी बोललं म्हणून. जुलै २०१७ मध्ये कोलकात्याहून मुंबईला निघालेलं एअरबस ३२० चाकं खाली ठेवूनच गेलं. चाकं आत घ्यायची राहिली होती. विमान २४,००० फुटांच्या वर जाईना, वेग २३० नॉटवर अडकला, इंधन भराभर संपायला लागलं आणि शेवटी नागपूरला वळवावं लागलं. दोन्ही वैमानिक ड्युटीवरून बाजूला. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई-जयपूर विमानात केबिनमध्ये हवा भरणाऱ्या ब्लीडचे स्विच बंदच राहिले. केबिनचा दाब उतरला, मास्क खाली आले, प्रवाशांच्या नाका-कानातून रक्त आलं. २००५ मध्ये ग्रीसमध्ये हेलिओस नावाच्या कंपनीच्या विमानात असाच दाबाचा स्विच 'मॅन्युअल'वर राहिला होता, १२१ माणसं गेली. तिथं दोघा वैमानिकांना धोक्याचा भोंगा ऐकू आला, पण दुसऱ्याच कशाचा तरी समजला. तेजूला आत्तापासून एक सवय लावायला सांग: चेकलिस्ट मध्ये तुटली की पुढून जोडायची नाही, पहिल्या ओळीपासून परत. विमान जमिनीवरून धावपट्टीकडं नेताना दोनदा तुटली तर दोनदा परत. मागच्या विमानातला माणूस कंटाळला तर कंटाळू दे.

अल्टिमीटरचा, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या यंत्राचा, आकडा ही दुसरी फसवी गोष्ट. वर गेल्यावर तो १०१३ हेक्टोपास्कल दाबाला लावतात, उतरताना स्थानिक दाब लावायचा असतो. पावसाळ्यात आपल्याकडं तो १००४ च्या आसपास असतो. लावायचा राहिला तर फरक ९ चा, दर आकड्याला साधारण ३० फूट, म्हणजे काटा दाखवतो त्यापेक्षा विमान पावणेतीनशे फूट खाली. स्वच्छ हवेत कोणाच्या लक्षातही येत नाही. सह्याद्रीच्या कडेला ढगात ते पावणेतीनशे फूट फार महाग पडतात.

कॉकपिटमधला गबाळेपणा मी थोडक्यात उरकतो, त्याला अक्कल पुरेशी आहे. मार्च २०२३ मध्ये होळीला दोघांनी मधल्या कन्सोलवर कॉफीचा कप ठेवून गुजिया खाल्ल्या, फोटो फिरला, दोघे घरी. त्याच्याच आधी फेब्रुवारीत दुबई-दिल्ली विमानात एका वैमानिकानं मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बसवलं. त्याचा परवाना ३ महिने निलंबित झाला आणि कंपनीला ३० लाख दंड. अमेरिकेत २००९ मध्ये दोघे लॅपटॉप उघडून रोस्टरची, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकाची, चर्चा करत बसले आणि जिथं उतरायचं त्या मिनियापोलिसच्या दीडशे मैल पुढं निघून गेले. प्रवासी सुखरूप उतरले, पण दोघांचे परवाने रद्द झाले. त्यांनी विमानाला साधा ओरखडाही पाडला नव्हता, हे लक्षात घे.

मंगळूरच्या अपघाताचं तेजूला सविस्तर वाचायला लाव. २२ मे २०१० ला विमान फार उंचावरून येत होतं, कॅप्टन वाटेत बराच वेळ झोपलेला होता, को-पायलटनं गो-अराउंड म्हटलं, तरी उतरवलं गेलं. १५८ माणसं गेली. ती नवी नवी को-पायलट होईल तेव्हा शेजारी वीस वर्षं उडवलेला माणूस असेल, आणि त्याला 'सर, गो-अराउंड' हे स्पष्ट शब्दांत म्हणायला जमलं पाहिजे. आपल्या घरांत मोठ्यांना उलट बोलू नये असं शिकवतो, ते कॉकपिटच्या दारात ठेवावं लागतं. म्हणून घरात ती तुझी चूक काढते तेव्हा तिच्यावर डोळे वटारू नकोस.

बाकी मुक्काम, जेवण हे तू बघशीलच. पावसाच्या आधी तिचे जेवढे तास होतील तेवढे होऊ देत. मध्ये लग्नकार्याला सांगलीला बोलावू नकोस. वहिनींना नमस्कार, तेजूला आशीर्वाद.

तुझा,
दिन्या

ता. क. तेजूला चष्मा आहे ना? मग मेडिकलच्या प्रमाणपत्रावर बहुधा अट येईल, चष्मा घालून उडायचं आणि दुसरा जोड जवळ ठेवायचा. तो दुसरा चष्मा हॉस्टेलवर ठेवून उड्डाण केलं तरी नियम मोडतो. विश्रामबागेतूनच दोन करून दे, आणि एक फ्लाइट बॅगेतून कधीच बाहेर काढू नको म्हणावं.