थुंकीच्या अहवालातले 'एस' आणि 'आर'

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

थंडी सुरू झाली की नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या छातीच्या दवाखान्यांत गोंदिया, गडचिरोलीकडचे पेशंट फायली घेऊन बसलेले दिसतात. त्यांतल्या अनेकांना पूर्वी टीबी होऊन गेलेला असतो. टीबी बरा झाला तरी काहींच्या श्वासनलिका फुगलेल्याच राहतात (याला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात), त्यांत बेडका साचतो आणि सुडोमोनाससारखे जंतू मुक्काम ठोकतात. देशातल्या ब्रॉन्किएक्टेसिसच्या २,१९५ रुग्णांची नोंद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात या दुखण्याचे सर्वांत मोठे कारण टीबीच निघाले.

फायलीत कल्चरचा, म्हणजे थुंकीतले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणते औषध चालते ते पाहणाऱ्या चाचणीचा, कागद असतो. 'एस' म्हणजे औषध चालणार, 'आर' म्हणजे बाद, असा हिशेब घरचे लावतात आणि जुन्याच कागदावर दुकानातून गोळ्या आणतात. मी प्रयोगशाळेत नोकरी केली आहे. प्लेटवर आम्ही मोकळे वाढलेले जंतू तपासतो. फुफ्फुसात तेच जंतू चिकट थरात दडलेले असतात. म्हणून जुनाट सुडोमोनासमध्ये 'एस' असूनही अनेकदा आराम पडत नाही आणि 'आर' असूनही कधी कधी पडतो. (डबीत नुसती लाळ आणली तर कल्चर तोंडातल्या जंतूंचेच होते, ते वेगळेच!)

म्हणून चाचणी फुकट जाते असे नाही. टीबीत रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल की नाही यावर पुढचा सगळा उपचार ठरतो आणि सीबीनॅट ही जंतूंची जनुके तपासणारी चाचणी ते दोनेक तासांत सांगते. स्लाइडवर टीबीसारखे जंतू दिसले, पण सीबीनॅटला टीबी सापडला नाही, तर एनटीएमचा, म्हणजे टीबीच्याच कुळातल्या पण टीबी नसलेल्या जंतूंचा संशय घ्यायला हवा. त्यातल्या मॅक (मायकोबॅक्टेरियम एव्हियम) गटात क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमिकासिन या दोनच औषधांचा अहवाल रुग्णाच्या बरे होण्याशी नीट जुळतो. माझी तक्रार इथे आहे. जुन्या खोकल्यासाठी महिनोन्‌महिने क्लॅरिथ्रोमायसिनच्याच जातीचे अझिथ्रोमायसिन देण्याआधी एनटीएमचे कल्चर किती डॉक्टर करून घेतात? एनटीएम असताना हे औषध एकटेच चालू राहिले, तर हुकमाचे औषध हातचे जाते. थुंकी न तपासता दिलेले लेव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूंनाही दाबते, त्यामुळे टीबीचे निदानही लांबते. हे औषध २०१४ पासून एच-१ या फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायच्या औषधांच्या यादीत आहे, तरी चिठ्ठीशिवाय मिळतेच.

मेयो, मेडिकल आणि एम्स या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांनी एनटीएमचे कल्चर व जात ओळखण्याची सोय कुठे आहे आणि खासगी डॉक्टरांनी नमुने कसे पाठवायचे, हे जाहीर करावे. तसेच प्रत्येक अहवालावर नमुना बेडक्याचा होता की लाळेचा, एवढे तरी छापावे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
प्रतापनगर, नागपूर