पावती कोणी दाखवायची?

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

ब्रिटिश राजवटीने भारताचं जे नुकसान केलं त्याची प्रतीकात्मक भरपाई म्हणून शशी थरूरांनी २०१५ साली ऑक्सफर्डमधल्या वादसभेत मागितलेला वर्षाला एक पौंड तुला पुरेसा वाटतो, कारण खरा हिशेब कधी जुळायचाच नाही. हिशेब जुळत नाही हे कबूल. पण भरपाई बुडते ती अर्जाच्या कागदावर. अमेरिकेतल्या जपान्यांचंच बघ. एकाच अन्यायाची भरपाई तिथे दोनदा झाली. पहिल्यांदा फसली, दुसऱ्यांदा बरीचशी जमली.

जपानशी युद्ध पेटल्यावर फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने हुकूम काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाचे लोक छावण्यांत गेले, तेही हातात मावेल तेवढंच सामान घेऊन. दोन तृतीयांश तर अमेरिकी नागरिक होते! १९४८ चा कायदा फक्त गमावलेल्या मालमत्तेपुरता. डांबून ठेवल्याचं, बुडालेल्या कमाईचं काही नाही, आणि पुरावा अर्जदाराने द्यायचा. शिलाई मशीन, दुकानातला माल यांच्या पावत्या छावणीत कोण घेऊन जाणार? आयकर खात्यानेही त्या वर्षांची बहुतेक विवरणपत्रं नष्ट केलेली. सरासरी साडेचारशे डॉलरच्या दाव्याचा निवाडा करायला सरकारला हजारावर डॉलर लागत होते. एवढं करून १४.८ कोटींच्या मागणीवर सुमारे ३.७ कोटी डॉलर हातावर ठेवले.

१९८८ च्या कायद्याने वस्तूंचा पंचनामाच सोडून दिला. माणशी सरसकट वीस हजार डॉलर. माणसं शोधायची ती न्याय खात्याने, स्वतःच्याच दप्तरातून. दोन्ही बाजूंचा पुरावा सारखाच भरला, तर संशयाचा फायदा अर्जदाराला. रकमेवर आयकर नाही, आणि ती मिळाली म्हणून सरकारी मदत तोडायची नाही. हे कलम किरकोळ वाटतं, पण ते नसतं तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं असतं. वयाने मोठ्यांना आधी: ऑक्टोबर १९९० मधल्या पहिल्या धनादेशांपैकी एक १०७ वर्षांच्या गृहस्थांना मिळाला. एकूण ८२,२१९ जणांना पैसे पोचले.

खोटही आहे. कायद्यावर सही झाली त्या दिवशी, १० ऑगस्ट १९८८ ला, माणूस हयात हवा. त्यानंतर वारला तर जोडीदार, मुलं, नाहीतर आईवडील. नातवंडांना काही नाही. शिवाय कायदा झाला तरी तिजोरीतून पैसे हक्काने मिळायची तरतूद १९८९ च्या अखेरीस झाली. वारसांवरची ही मर्यादा कठोर आहे, पण मला ती पटते: यादी संपते, म्हणून काम पुरं होतं. आपल्याकडे अशी छावणीची हजेरीच नाही, म्हणून ही रीत उचलून ब्रिटिशांना लावता येणार नाही, एवढं तुझं मान्य.

पण यादीतही गोम असते. युद्धात अमेरिकेने पेरू वगैरे देशांतून दोन हजारांवर जपानी आणून याच पद्धतीने डांबले. ते तेव्हा नागरिक किंवा कायम रहिवासी नव्हते, म्हणून वगळले. त्यांचे पासपोर्ट काढून घेतले होते अमेरिकेनेच, आणि कागद नाहीत म्हणून बेकायदा ठरवलंही तिनेच. पुढे १९९८ मध्ये तडजोड झाली: प्रत्येकी पाच हजार डॉलर.

तुझा,
अनिल