शाखेतून फोन येण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, हे पत्र आधी तुमच्यासाठी आहे. आई, तू मध्येच हिसकावून घेऊ नकोस, तुझा भाग खाली आहे.

तुमच्या बँकेतली माझ्या नावची ठेव मुदत संपल्यावर मी पुन्हा ठेवली नाही. पैसे इकडच्या खात्यात घेतले. शाखेतून कुणीतरी तुमच्या कानावर घालणारच, आणि मग तुम्ही एक अक्षर न बोलता पेपरात तोंड खुपसून बसणार. म्हणून आधी माझ्याकडून कळावं. दर महिन्याचे पैसेही यापुढे त्या खात्यात येणार नाहीत, आईचं पेन्शन जमा होतं तिथे येतील. रक्कम तीच, तारीख तीच.

रागावू नका. दादाच्या फीच्या वेळी ती बँकच उभी राहिली होती, हे मला पाठ आहे. तिच्याबद्दल वाईट काही मी ऐकलेलंही नाही. बिघडलं ते आमच्या कंपनीच्या बँकेत, तिच्यावर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, पगार कंपनी देते, मग बँकेवर निर्बंध आले तर पगार का अडावा? तेव्हा मी घाईत होते, आता सांगते. तुमच्या वेळी पगाराचं पाकीट मिळायचं. मला आठवतं, तुम्ही मला नोटा मोजायला द्यायचात, मी बोट जिभेला लावून मोजायची आणि आई ओरडायची. पाकीट हातात आलं की पगार झाला. आता तसं नाही. मी महिनाअखेरीला साठेक जणांची एक फाइल बनवते, ती बँकेच्या साइटवर चढवते, मालक मंजुरी देतात, कंपनीच्या चालू खात्यातून एकदम मोठी रक्कम वजा होते आणि तिथून प्रत्येकाच्या खात्यात जाते. या सगळ्यात पहिली पायरी कंपनीच्या बँकेची. रिझर्व्ह बँकेचा आदेश आला संध्याकाळी, कामकाज संपल्यावर. आमची फाइल दुसऱ्या दिवशीची होती. सकाळी खात्यात पैसे दिसत होते, पण हलत नव्हते.

निर्बंध आले की प्रत्येक खातेदाराला ठरावीक रकमेपर्यंतच पैसे काढता येतात, कधी तेवढेही नाही. तुम्हाला आठवत असेल, मुंबईच्या पीएमसी बँकेचं (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक) असंच झालं होतं. 23 सप्टेंबर 2019 ला आदेश आला, सहा महिन्यांसाठी, आणि सुरुवातीला खात्यामागे फक्त 1,000 रुपये. पुढे मर्यादा वाढवत नेली. तेव्हा टीव्हीसमोर बसून तुम्ही म्हणाला होतात, हे मुंबईचं, आपल्याकडे नाही होत. बाबा, त्या मर्यादेच्या लेखी आमची अख्खी कंपनी एक खातेदार आहे. साठ जणांची घरं चालवणारं खातं, आणि मर्यादा एका माणसाची.

ठेवींच्या विम्याचंही तसंच. 4 फेब्रुवारी 2020 पासून संरक्षण 1 लाखाचं 5 लाख झालं, आणि आता निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे. एकट्यादुकट्याला हे पुष्कळ आहे. पण आमचा एका महिन्याचा पगार 5 लाखांत कसा बसणार? आणि 90 दिवस म्हणजे तीन पगार. कायद्याप्रमाणे मात्र पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायलाच हवा. बँक अडली म्हणून मालकाची जबाबदारी सुटत नाही, आणि ते योग्यच आहे.

खरा घोळ नंतरचा. ग्राहकांचे पैसे त्याच खात्यात यायचे. मी सगळ्यांना कळवलं की नव्या खात्यात भरा, तर अर्ध्यांना वाटलं ही फसवणूक आहे. त्यांचंही चुकलं नाही, फसवणारे असंच लिहितात. मग लेटरहेडवर पत्रं, रद्द केलेला चेक, एकेकाला फोन. दिलेले चेक परत येऊ लागले. सात तारखेला टीडीएस म्हणजे कापलेला कर भरायचा, पंधराला पीएफ, त्यांना आपलं काय चाललंय याच्याशी देणंघेणं नाही. शिवाय कंपनीतल्या पोरांचे कर्जाचे हप्ते. एका मुलाच्या गाडीचा हप्ता परत गेला, वर दंड बसला. बँक कंपनीची अडली, डाग त्याच्या नावावर.

मालकांची दुसऱ्या एका बँकेत कॅश क्रेडिट होती, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलता येणारं कर्ज, त्यातून मार्ग निघाला. कमी पगारवाल्यांना पूर्ण, आम्हा वरच्यांना अर्धा, उरलेला नंतर. यादी मीच केली. मालकांनी एका शब्दाने बदलली नाही, हे त्यांचं मोठेपण.

आणि फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. मार्च 2023 मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हा इतर कंपन्यांचे पगार वाटून देणाऱ्या रिपलिंगचे पैसे तिथे अडकले. ज्या कंपन्यांचं त्या बँकेत खातंही नव्हतं, त्यांचेही लोक पगाराची वाट बघत बसले. तिथे सरकारने दोन दिवसांत सगळ्या ठेवींची हमी घेतली म्हणून निभावलं.

हे बघितल्यावर सगळं एका जागी ठेवायचा माझा धीर होईना. एवढंच. तुमच्या बँकेवर अविश्वास नाही. (थोडा आहे. पण तो सगळ्याच बँकांवर आहे.)

आई, आता तुझा भाग. माझं जेवणखाण नीट चाललंय, झोपही लागते, आवाज दमलेला वाटला तो सर्दीमुळे. अर्धा पगार आला तरी माझं काही अडलं नाही. तुझ्या गुडघ्याच्या तपासणीचे पैसे वेगळे ठेवलेत, त्यांना कुणीही हात लावणार नाही, मीसुद्धा. तू मात्र तारीख पुढे ढकलू नकोस. मागच्या वेळचं मला कळलंय, बाबांनी सांगितलं नाही, मावशीने सांगितलं.

बाबा, तुम्हाला कामं आहेत. खातं बंद करू नका, वार्षिक सभेला जा, तिथे तुम्ही नसलात तर हिशोबावर प्रश्न कोण विचारणार! पण सगळ्या पावत्या काढून बेरीज करा, व्याज धरून. एका बँकेच्या दोन शाखांत ठेवलं म्हणजे विमा दुप्पट होत नाही, सगळ्या शाखांचं एकत्र धरतात. एकट्या तुमच्या नावावर 5 लाखांच्या वर असेल ते मुदत संपताच हलवा. मुदतीआधी मोडू नका, व्याज कमी मिळेल. आणि सभासद म्हणून घेतलेले भाग ही ठेव नव्हे, त्यांना विमा नाही. दोन-तीन महिन्यांचा घरखर्च दुसऱ्या बँकेत कायम असू द्या. ब्लड प्रेशरच्या गोळ्यांचे पैसे कधीही एका बँकेच्या भरवशावर नकोत. कळलं का? मी ओरडत नाहीये.

पटलं नाही तर फोन करा, भांडू. पण गप्प बसू नका.

तुमची,
बबी

ता. क. : आई, तुझ्या खात्याला माझा जुना मोबाइल नंबर जोडलेला आहे. बँकेत गेलीस की तुझा स्वतःचा देऊन ये. पैसे जमा झाल्याचा मेसेज तुलाच यायला हवा.